ठिणगी कुठे हरवली? किनाऱ्यावरची एटीव्ही, दहावीचं विज्ञान आणि ऑनलाइन मागवलेला पार्ट



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला चौथा पाठ म्हणजे 'विद्युतधारेचे परिणाम'. या पाठात विद्युत चुंबकीय प्रवर्तन आलं की वर्ग थोडा मंदावतो. कुंडली, चुंबक, गॅल्व्हॅनोमीटरची हलणारी सुई... मुलं व्याख्या पाठ करतात आणि पुढे सरकतात. खरं तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर हा पाठ सुट्टीच्या दिवसांत सतत धावत असतो. पर्यटकांना वाळूत फेरी मारून आणणाऱ्या जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कुणाच्या काकांची असते, कुणाचा मोठा भाऊ ती चालवतो.

ही गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असते. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर बाहेर काढली जाते आणि स्टार्टच होत नाही. मग कुणीतरी येऊन बघतो आणि म्हणतो, "सीडीआय गेला." आता घरात मोबाइलवर वस्तू मागवणारा माणूस बहुतेक वेळा नववी-दहावीतला मुलगाच असतो. तो फोटो बघून पार्ट मागवतो. आठ दिवसांनी पार्ट येतो, बसतो, तरी गाडी ढिम्म. विकणारा म्हणतो, "इलेक्ट्रिक पार्ट परत घेत नाही." पैसे गेले, आणि वर्षाची कमाई ज्या पंधरा-वीस दिवसांत व्हायची त्यातले आठ दिवसही गेले.

यात चूक मुलाची नाही. तपासणी कशी करायची आणि वस्तू कशी पारखायची, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आणि हे शिकवायला लागणारं जवळजवळ सगळं विज्ञान आपल्या पाठ्यपुस्तकात आहे! म्हणून हा लेख. एटीव्ही हे निमित्त, पण यातलं बरंचसं घरच्या जुन्या स्कूटरला आणि मोटारसायकललाही लागू पडतं.

१. इंजिन चालू व्हायला काय काय लागतं?

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, सिलिंडरमधला पुरेसा दाब आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. यातली एक जरी नसली तरी इंजिन चालू होत नाही. म्हणून 'गाडी स्टार्ट होत नाही' हे नुसतं लक्षण झालं, आजार नव्हे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर लगेच औषध देत नाहीत, आधी तपासतात. तसंच इथे.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा: स्टार्टर मारल्यावर इंजिन फिरतं का? बटण दाबल्यावर नुसता 'टक टक' आवाज येत असेल आणि इंजिन फिरतच नसेल, तर दोष बहुधा बॅटरी, तिची जोडणी, रिले किंवा स्टार्टर मोटर यांत असतो. इंजिन छान फिरतं पण पेटत नाही, हा वेगळा आजार. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढची सगळी खरेदी चुकते.

२. बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट कसे होतात?

स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये लहान इंजिनात साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर फट असते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलेलं असताना एवढीशी फट ओलांडायलासुद्धा काही हजार व्होल्ट लागतात. बॅटरी मात्र १२ व्होल्टची. मग एवढं व्होल्टेज येतं कुठून?

इथे फॅरेडे मदतीला येतो. १८३१ मध्ये त्याने दाखवून दिलं की कुंडलीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्या कुंडलीत विद्युत विभव निर्माण होतो. बदल जितका झपाट्याने, तितका विभव जास्त. आणि वेढे जितके जास्त, तितका तो आणखी जास्त.

गाडीतली इग्निशन कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्यावरच्या दोन कुंडल्या. पहिलीत जाड तारेचे थोडे वेढे, दुसरीत केसासारख्या बारीक तारेचे शेकडो पटीने जास्त नसले तरी शंभरेक पटीने जास्त वेढे. पहिलीतला प्रवाह अचानक बदलला की दुसरीत उच्च व्होल्टेज उसळतं आणि प्लगवर ठिणगी पडते.

हा 'अचानक बदल' घडवून आणणारा डबा म्हणजे सीडीआय. याच्या आत एक धारित्र म्हणजे कपॅसिटर असतो. तो साधारण २०० ते ४०० व्होल्टपर्यंत भारला जातो. इंजिनाच्या फिरत्या चाकावर एक उंचवटा असतो. तो छोट्या पिकअप कॉइलसमोरून गेला की तिच्यात लहानसा विद्युत स्पंद तयार होतो. हा स्पंद म्हणजे सीडीआयला मिळालेला इशारा: "आता सोड!" लगेच कपॅसिटर आपला सगळा भार इग्निशन कॉइलमध्ये रिकामा करतो.

मुलांना मी गलोलीचं उदाहरण देतो. आधी ताण भरायचा, नेम धरायचा, मग सोडायचं. ताण भरणारा भाग वेगळा, इशारा देणारा वेगळा, सोडणारा वेगळा. ठिणगी येत नसेल तर या साखळीतली कुठली तरी एक कडी तुटलेली असते. सीडीआय ही त्या साखळीतली एकच कडी आहे, हे लक्षात ठेवायचं.

३. खारं वारं नेमकं काय करतं?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. मिठाचं पाणी विजेचं सुवाहक असतं. यातून दोन उलट्या प्रकारचे बिघाड होतात.

पहिला प्रकार: जिथे वीज जायला हवी तिथे ती अडते. कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, अर्थची तार जिथे बोल्टने चासीला जोडलेली असते तिथे गंज धरतो. रोध वाढतो. ओहमचा नियम लावून बघा. लहान स्टार्टर मोटर ५० अँपिअर प्रवाह घेत असेल आणि गंजलेल्या जोडणीचा रोध फक्त ०.०५ ओहम असेल, तर त्या जोडणीवरच ५० × ०.०५ = २.५ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी नवी कोरी असली तरी मोटरला साडेनऊच्या आसपास व्होल्ट मिळतात, आणि बॅटरीवर भार आल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. अशा वेळी लोक बॅटरी बदलतात. दोष मात्र पॉलिश पेपरने पाच मिनिटांत निघणारा असतो.

दुसरा प्रकार: जिथे वीज जायला नको तिथे ती जाते. प्लगच्या कॅपवर, हँडलवरच्या स्विचमध्ये ओल्या मिठाचा थर बसला की त्यातून वीज झिरपते. ठिणगी प्लगच्या फटीत पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर अर्थ होते. रात्री अंधारात अशा कॅपवर कधीकधी निळसर चमक फिरताना दिसते.

४. तपासणीचा क्रम

नियम एकच: सोपं, फुकट आणि उघड दिसणारं आधी, महाग आणि झाकलेलं शेवटी. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर दोष कशात होता हे कळतच नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना 'एकच चल बदला' म्हणतो ना, तेच हे.

पहिली पायरी, डोळ्यांनी बघणे. पेट्रोल आहे का आणि ते गेल्या सीझनचं शिळं नाही ना? पेट्रोलचा नळ उघडा आहे का? हँडलवरचा किल स्विच चालू बाजूला आहे का? बऱ्याच एटीव्हींना मागच्या बाजूला दोरी ओढून गाडी बंद करायची सोय असते, मुलांच्या गाडीला कधी रिमोटही असतो. यातलं काही बंद अवस्थेत राहिलेलं नाही ना? काही गाड्यांचा स्टार्टर ब्रेक दाबल्याशिवाय चालतच नाही. उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना? पावसाळाभर उभ्या गाडीत हे हमखास होतं.

दुसरी पायरी, बॅटरी. गाडी बंद असताना मल्टिमीटरने मोजा. पूर्ण भारलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ किंवा त्याच्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. आधी चार्ज करा, मग पुढचं.

तिसरी पायरी, प्लग काढून बघणे. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे संशय ठिणगीवर. प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलच पोचत नाही. कार्बोरेटर साफ करायला हवा, इग्निशनचे पार्ट मागवून उपयोग नाही. काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी कमजोर आहे.

चौथी पायरी, ठिणगी बघणे. प्लग कॅपमध्ये बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवायचं आणि स्टार्टर मारायचा. सावलीत बघितलं तर ठिणगी नीट दिसते. निळी, टणक, 'चट चट' आवाजाची असेल तर इग्निशन बहुधा ठीक. पिवळट, बारीक, मधूनच येणारी असेल तर कमजोर.

इथे थांबून मुलांना बजावून सांगा. हे काम मोठ्या माणसासोबतच करायचं. प्लग हातात धरायचा नाही, इन्सुलेट केलेल्या पकडीने धरायचा. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब टेकवायचा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी जवळ थांबायचं नाही. आणि कॅप काढून नुसती वायर हवेत धरून 'करंट' बघायची जुनी सवय सोडायची. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइल आणि सीडीआयवरच उलटतं.

पाचवी पायरी, ठिणगी नसेल तर आधी प्लग बदलून बघा. सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे आणि गावात मिळतो. मग कॅप पिळून काढा, वायरच्या टोकाची पाचेक मिलिमीटर गंजकी तार कापून टाका आणि कॅप पुन्हा बसवा. मग अर्थचे सगळे बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा आवळा. सगळे कनेक्टर एकेक करून उघडा, बघा, साफ करा. अनेक गाड्या या पायरीवरच चालू होतात.

सहावी पायरी, किल स्विच. हा भाग मुलांना फार आवडतो, कारण इथे स्विच आपल्या घरातल्या स्विचच्या उलट वागतो! घरात सर्किट तोडलं की दिवा बंद होतो. एसी प्रकारच्या सीडीआयमध्ये मात्र किल स्विच 'बंद' केला की सर्किट जोडलं जातं: सीडीआयची एक वायर अर्थला टेकते आणि ठिणगी थांबते. आता विचार करा, त्या स्विचमध्ये ओलं मीठ साचलं असेल तर? स्विच चालू बाजूला असूनही वायर आतल्या आत अर्थ होत राहणार. गाडी स्वतःलाच सतत 'बंद हो' म्हणत राहणार. म्हणून सीडीआयला जाणारी ही किल वायर फक्त तपासणीपुरती काढून बघायची. ठिणगी आली तर सीडीआय निर्दोष, दोषी स्विच किंवा चावीचं लॉक. पण लक्षात ठेवा, ही वायर काढलेली असताना गाडी स्विचने बंद होत नाही. तपासणी गाडी जागेवर उभी ठेवूनच करायची आणि वायर लगेच परत जोडायची. अशी वायर काढून गाडी भाड्याने फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

सातवी पायरी, मल्टिमीटरने रोध मोजणे. चावी बंद, कनेक्टर काढलेला. लहान एकसिलिंडर गाड्यांमध्ये साधारणपणे पिकअप कॉइल १०० ते २०० ओहम, सीडीआयला भारणारी स्टेटरमधली कॉइल काहीशे ओहम, इग्निशन कॉइलची पहिली कुंडली एका ओहमच्या आसपास किंवा कमी, आणि दुसरी काही हजार ओहम दाखवते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतला धरायचा. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर तार आत तुटली आहे. शून्याजवळ दाखवत असेल तर वेढे एकमेकांना चिकटले आहेत. पहिली कुंडली मोजताना आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून बघा. ०.३ किंवा ०.४ दाखवलं तर तेवढं वजा करा. व्हर्निअर शिकवताना शून्यांक त्रुटी सांगतो, ती हीच.

गाडी थंड असताना चालू होते आणि तापली की बंद पडते, असं असेल तर बंद पडल्या पडल्या गरम असतानाच मोजा. तापून तार प्रसरण पावली की तुटका सांधा उघडतो, थंड झाला की परत जुळतो.

हे सगळं ठीक निघालं, तर आणि तरच संशय सीडीआयवर घ्यायचा. सीडीआय साध्या मीटरने खात्रीने तपासता येत नाही. गॅरेजवाले तशाच दुसऱ्या चालू गाडीचा सीडीआय लावून बघतात. तो खरा पुरावा. शेजारच्या गाडीवाल्याला विनंती करून दहा मिनिटांत जे कळतं, ते ऑनलाइन मागवून आठ दिवसांनी कळवून घेण्यात अर्थ नाही.

एक खुलासा: १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या वाहनांना भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आहे आणि ठिणगीची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवतो. तिथे वायरी काढून बघण्याचे प्रयोग करू नयेत, स्कॅनर असलेल्या गॅरेजात न्यावी.

५. दिसायला सारखे, आतून वेगळे

आता सगळ्यात जास्त पैसे बुडवणारी गोष्ट. सीडीआय दोन जातींचे असतात, एसी आणि डीसी. एसी सीडीआयला कपॅसिटर भारण्यासाठी स्टेटरमधली वेगळी कॉइल वीज पुरवते. डीसी सीडीआय बॅटरीचे १२ व्होल्ट घेतो आणि आत स्वतःच ते वाढवतो. दोन्ही डबे काळे, दोन्ही काड्यापेटीएवढे, कधीकधी दोघांचा कनेक्टरही सारखा. प्लग झकास बसतो आणि माणूस फसतो.

एसीच्या गाडीत डीसी सीडीआय लावला तर त्याला हवे ते १२ व्होल्ट मिळत नाहीत, उलट भलत्या पिनवर जास्त व्होल्टेज येऊन तो जळू शकतो. डीसीच्या गाडीत एसी सीडीआय लावला तर त्याचा कपॅसिटर पुरेसा भारलाच जात नाही. दोन्हीकडे निकाल एकच, ठिणगी नाही. मग लोक म्हणतात, "ऑनलाइन आलेला पीसच खराब होता." पीस चांगला होता, जात चुकली होती.

ओळखायचं कसं? सीडीआय काढून चावी चालू केल्यावर कनेक्टरच्या एखाद्या पिनवर स्थिर १२ व्होल्ट डीसी येत असतील तर गाडी बहुधा डीसी. तसं नसेल, आणि इंजिन फिरवताना स्टेटरकडून येणाऱ्या वायरवर काही दशक व्होल्ट एसी दिसत असतील तर एसी. ही मोजणी झटका देऊ शकते, म्हणून मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

६. ऑनलाइन मागवण्याआधी

एटीव्हीच्या बाबतीत अडचण अशी की टाकीवरच्या स्टिकरवर जे नाव असतं त्याला फारसा अर्थ नसतो. एकाच कारखान्यातली गाडी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. म्हणून 'अमुक ११० सीसी एटीव्हीचा सीडीआय' असं शोधून भागत नाही.

इंजिनावर कोरलेला कोड बघा. लहान चिनी इंजिनांवर १५२एफएमएच यासारखा कोड असतो. यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेने थंड होणारं. पार्ट शोधताना हा कोड स्टिकरपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

मग मुलाला एक कागद घेऊन बसवा आणि पुढची यादी भरायला लावा:

जुन्या पार्टचे चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. कनेक्टरच्या पिना किती, कुठल्या रचनेत, खाच कुठल्या बाजूला. प्रत्येक पिनेवर येणाऱ्या वायरचा रंग. एसी की डीसी. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर. स्टेटर मागवायचा असेल तर त्यावरच्या कॉइलींची संख्या आणि आतला-बाहेरचा व्यास. पार्टवर छापलेला क्रमांक असेल तर तो अक्षरशः जसाच्या तसा.

ही यादी विकणाऱ्याला लेखी पाठवायची आणि "हा पार्ट या माहितीशी जुळतो का?" असं विचारून उत्तरही लेखी घ्यायचं. फोनवरचं "हो हो, चालेल" हे उत्तर धरायचं नाही.

विक्रेत्याचं नाव-पत्ता, उत्पादनाचा देश, आयात केलेली वस्तू असेल तर आयातदाराचं नाव, वस्तू परत करण्याच्या अटी, हे सगळं ऑर्डर देण्याआधी वाचायचं. किंमत बाजारभावाच्या अर्ध्याहून कमी असेल तर थांबायचं. पैसे त्या संकेतस्थळावरूनच भरायचे; "इथे महाग पडतं, थेट माझ्या नंबरवर पाठवा" असं कुणी म्हणालं तर तिथेच व्यवहार संपवायचा. आणि घरातल्या प्रत्येकाने एक वाक्य पाठ करावं: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. 'रिफंड' देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर तो चोर. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा.

पार्सल आलं की उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून पिना मोजा. जुळत नसेल तर बसवूच नका. एकदा वायर कापून जोडलेला पार्ट कुणीही परत घेणार नाही. जीएसटी बिल जपून ठेवा.

७. तरीही चुकीचा पार्ट आला तर?

'इलेक्ट्रिक पार्ट परत घेत नाही' हे वाक्य सगळीकडे लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनुसार, वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायला हवं.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीत असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीत करता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

मात्र आपणच चुकीची जात निवडली असेल, तर कायदा मदतीला येत नाही. म्हणून वरची यादी आणि विक्रेत्याचं लेखी उत्तर महत्त्वाचं. तोच तुमचा पुरावा.

८. पालकांसाठी थोडं वेगळं

गाडी चालू झाली की मुलगा म्हणणार, "एक फेरी मी मारू?" इथे ठाम राहा.

होंडाने १९७० मध्ये यूएस ९० ही तीनचाकी गाडी अमेरिकेत आणली, तिथून एटीव्हीचा प्रसार झाला. चारचाकी आल्या १९८० च्या दशकात. तीनचाकी गाड्या उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या करारानंतर उत्पादकांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. चारचाकीही उलटते. तिचा गुरुत्वमध्य उंच असतो, आणि बऱ्याच गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच सरळ आसाला जखडलेली असतात. त्यामुळे वळताना शरीराचा तोल आतल्या बाजूला टाकावा लागतो. लहान मुलाचं वजन त्याला पुरत नाही. डांबरी रस्त्यावर तर ही गाडी आणखी बेभरवशाची.

हेल्मेट, बंद बूट आणि एका सीटच्या गाडीवर एकच माणूस, ही किमान शिस्त. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत असू द्या. आणि वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या वाळूवरून चाकं फिरवणं म्हणजे न दिसणारी घरटी चिरडणं.

९. वर्गात काय करता येईल?

एखादा जुना, निकामी सीडीआय, कॉइल आणि दोन-तीन वापरलेले प्लग गॅरेजमधून मागून आणा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. गाडी चालू न करताही पुढचे उपक्रम होतात.

उपक्रम १. प्लग ओला, कोरडा, काळा, असे तीन नमुने ठेवा. मुलांनी फक्त निरीक्षण लिहायचं, मग अनुमान. निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या रकान्यांत. 'सीडीआय गेला' हे निरीक्षण की अनुमान, असा प्रश्न विचारून बघा.

उपक्रम २. सिलिंडरचा व्यास ५.२४ सेमी, दट्ट्याची धाव ४.९५ सेमी. घनफळ काढा. त्रिज्या २.६२, म्हणून ३.१४ × २.६२ × २.६२ × ४.९५ = सुमारे १०६.७ घन सेमी. स्टिकरवर मात्र ११० लिहिलेलं असतं. महत्त्वमापनाचा पाठ इथे कामी येतो आणि स्टिकरवर किती विसंबायचं तेही कळतं.

उपक्रम ३. चार फटक्यांच्या इंजिनाला दोन फेऱ्यांमध्ये एक ठिणगी पुरते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला किती ठिणग्या हव्यात? उत्तर २५. पण अनेक लहान गाड्यांत पिकअप फिरत्या चाकावर असल्यामुळे दर फेरीला ठिणगी पडते, म्हणजे सेकंदाला ५०. निम्म्या ठिणग्या जळालेला वायू बाहेर पडताना वाया जातात, आणि त्याने काही बिघडत नाही.

उपक्रम ४. अकरावी-बारावीसाठी: १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भारला तर त्यातली ऊर्जा किती? अर्धा × ०.००००० १ × ३०० × ३०० = ०.०४५ ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेवर सगळी गाडी धावते, कारण ठिणगी फक्त सुरुवात करून देते. काम पेट्रोल करतं.

उपक्रम ५. एका गटाने 'बिघाड' ठरवायचा आणि चिठ्ठीवर लिहून लपवायचा. दुसऱ्या गटाने फक्त तपासण्या विचारायच्या: "प्लग ओला आहे का?" "किल वायर काढल्यावर ठिणगी येते का?" प्रत्येक तपासणीला एक रुपया, प्रत्येक पार्ट मागवायला शंभर रुपये आणि आठ दिवस. कमीत कमी खर्चात दोष शोधणारा गट जिंकला. पहिल्या फेरीत बहुतेक मुलं सरळ पार्टच मागवतात. खर्चाची बेरीज फळ्यावर लिहा आणि दुसरी फेरी खेळायला द्या. फरक तुम्हालाच दिसेल.

ज्या मुलांना हे काम मनापासून आवडेल त्यांच्या पालकांशी आयटीआयबद्दल जरूर बोला. मोटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम 'मार्क कमी पडले म्हणून' घ्यायचे नसतात. साखळीतली तुटलेली कडी शोधून काढणारं डोकं प्रत्येक गावाला हवं असतं, आणि किनाऱ्यावरच्या गावांना तर आता जास्तच.